उपकारांची वही

मनुष्याची स्मरणशक्ति मोठी पक्षपाती असते. दुसर्‍यानें केलेला अपमान ती वीस वर्षें ताजा ठेवते, आणि काल कोणीं अडल्या वेळीं दिलेला हात आज संध्याकाळपर्यंत विसरून जाते. जी गोष्ट माणसाच्या उपकारांची, तीच देवाच्या उपकारांचीही. म्हणूनच बहुधा सर्व धर्मांनीं स्मरण हें भक्तीचें एक अंग मानलें आहे. वारकर्‍यांचें नामस्मरण घ्या, मुसलमानांचा जिक्र घ्या, कीं यहुदी लोकांचा वल्हांडण सण घ्या. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत या स्मरणाला एक ठराविक नांव आहे: देवाचा विश्वासूपणा आठवणें. वाढदिवस असो, लग्न असो, वर्षाअखेरची उपासना असो, कोणी तरी वडील मनुष्य उभा राहतो आणि प्रभूनें आपणांस कसें सांभाळलें तें सांगतो. आजारांतून उठलेला मुलगा, अवचित मिळालेली नोकरी, फिटलेलें कर्ज, असे दाखले निघतात. मंडळी आमेन म्हणते, आणि मग चहा होतो. या रिवाजाची आम्हांस मुळींच थट्टा करावयाची नाहीं. ज्या घरांत वर्षांतून एकदां तरी उपकारांची उजळणी होते तें घर बरें, असेंच आमचें मत आहे. परंतु या उजळणींत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्याचा मुलगा आजारांतून उठला नाहीं, त्यानें काय आठवावें? आणि ज्याचा उठला, त्यानें शेजार्‍याच्या न उठलेल्या मुलाचें स्मरण ठेवून काय सांगावें? या प्रश्नाशीं आमची गांठ जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत पडली, आणि तीस वर्षांहून अधिक काळ तो आमच्या घरांत मुक्कामास आहे. त्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

ज्या वाचकांनीं जव्हार पाहिलें असेल, त्यांनीं तें बहुधा थंड हवेचें ठिकाण म्हणून पाहिलें असेल. मुकणे राजांचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. राजवाडा, दाभोसा धबधबा, डोंगरमाथ्यावरून दिसणारा सूर्यास्त, हें सर्व प्रवाशांच्या परिचयाचें आहे. पुष्कळ वर्षें हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. जव्हाराहून पूर्वेस गेलें म्हणजे मोखाडा लागतो, आणि मोखाड्यापुढें तोरंगण घाट चढून त्र्यंबक व नाशिक. दुसरी वाट खोडाळ्यावरून कसार्‍यास उतरते. या वाटांच्या आजूबाजूच्या खोर्‍यांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांचे पाडे विखुरलेले आहेत. उतारावर नागली व वरई, सखल जागीं भात, एवढीच शेती. ती वर्षभर पुरत नाहीं. म्हणून दिवाळी झाली कीं पुष्कळ कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, तीं उन्हाळा सरतां सरतां परततात.

या प्रदेशाचें एक वैचित्र्य आमच्या विषयाशीं निगडित आहे. येथें पाऊस थोडाथोडका पडत नाहीं. जून ते सप्टेंबर सारे डोंगर वाहत असतात. मुंबईस पाणी पुरविणारी वैतरणा याच मुलुखांतून जाते, आणि मोखाडा तालुक्यांतील कोचाळें गांवापाशीं तिच्यावर १०२ मीटर उंचीचें मध्य वैतरणा धरण उभें आहे. तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यांतील बायका तळ गांठलेल्या विहिरींत उतरून वाटीवाटीनें हंडा भरतात, आणि कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. येथला कातळ पाणी धरून ठेवीत नाहीं. उपकारांचेंही असेंच आहे. ते पडतात मुबलक. पण धरून ठेवण्याची कांहीं सोय केलेली नसेल, तर मे महिन्यांत घोटभरही हातीं लागत नाहीं.

आम्ही या भागांत १९८९ च्या जून महिन्यांत आलों. आमचें घराणें मूळचें अहमदनगर जिल्ह्यांतील (त्या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर आहे); आमचे पणजोबा तेथेंच ख्रिस्ती झाले. मोखाडा तालुक्यांतील एका लहान गांवीं शाळेवर आमची नेमणूक झाली. पत्नी व दोन वर्षांची मुलगी बरोबर होती. मुलगा पुढल्या वर्षीं झाला. गांवांत ख्रिस्ती घर असें आमचें एकच. रविवारीं आम्ही घरींच शास्त्र वाचीत असूं, आणि महिन्यांतून एकदां नाशिकास जाऊन मंडळींत बसत असूं. लोक आम्हांस गुरुजी म्हणत, आणि पत्नीस बाई. शेजारच्या पाड्यावरील एका म्हातारीनें, जिला आम्ही आजी म्हणत असूं, आमच्या घरांत देव्हारा कां नाहीं असें एकदां विचारलें, आणि उत्तर ऐकून "बरं" एवढेंच म्हणून ती पुन्हां भाजी निवडूं लागली. आमच्या धर्माची गांवानें केलेली चौकशी ती इतकीच.

१९९२ च्या ऑगस्टमध्यें आमच्या दोन्ही मुलांस एकाच दिवशीं ताप भरला. मुलगी पांच वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. तिसर्‍या दिवशीं मुलाला झटके येऊं लागले. मोटार चालेल असा रस्ता गांवापासून सुमारें सात मैलांवर होता. मध्यें एक ओढा, आणि त्या ओढ्यावर त्या वेळीं पूल नव्हता. चार दिवस पावसानें उसंत घेतली नव्हती. दिवेलागणीच्या वेळीं आमच्या दाराशीं आठ जण येऊन उभे राहिले. त्यांना आम्हीं बोलावलें नव्हतें. आजीनें पाड्यावर जाऊन वर्दी दिली होती. त्यांनीं बांबूंना घोंगड्या बांधून दोन डोल्या केल्या, आणि आम्ही निघालों. ओढ्याला पाणी छातीच्या वर होतें. आम्ही कांठावर थांबलों. डोल्यांवर इरलीं धरून ते आठ जण रात्रभर उभे राहिले. कोणी बसला नाहीं, कोणी घरीं जाण्याची गोष्ट काढली नाहीं. आम्ही उभयतां प्रार्थना करीत होतों, जेवढे शब्द येत होते तेवढ्या शब्दांनीं. पहाटेच्या सुमारास मुलगा गेला. त्यानंतर तासाभरानें पाणी उतरलें.

हें शेवटचें वाक्य लिहितांना आजही लेखणी थांबते. तासाभरानें पाणी उतरलें. देवाच्या विश्वासूपणाविषयीं जें कांहीं बोलावयाचें असेल, तें या वाक्यासमोर उभें राहून बोलतां आलें पाहिजे. त्याला वळसा घालून जाणारें बोलणें आमच्या उपयोगाचें नाहीं.

पाणी उतरतांच चौघे मुलीला घेऊन आमच्याबरोबर पलीकडे आले. त्यांतील पंचविशींतल्या एका तरुणानें तिला स्वतःच्या खांद्यावर घेऊन धारेंतून नेलें. पुढें जीप मिळाली, नाशिक गांठलें, चुलत भावानें पैसे भरले, आणि अकरा दिवसांनीं मुलगी बरी झाली. पत्नी मात्र मुलाला घेऊन बाकीच्या चौघांबरोबर गांवीं परत फिरली होती. त्याला शाळेमागच्या मोहाखालीं पुरलें, तेव्हां तिच्याजवळ ना नवरा होता, ना पाळक होता. आजी होती. ती तीन रात्री आमच्या घरांत पत्नीजवळ निजली.

नंतर पत्रें आलीं. कोणीं लिहिलें कीं देव आपल्या बागेंतलीं चांगलीं फुलें अगोदर खुडतो. कोणीं लिहिलें कीं ही परीक्षा आहे, सोनें आगींतूनच शुद्ध होतें. कोणीं लिहिलें कीं मुलगी राखली, त्याबद्दल उपकार माना. लिहिणार्‍यांचा हेतु चांगलाच होता, आणि दुःखाच्या वेळीं काय लिहावें हें कोणालाच समजत नसतें. पत्नीनें सर्व पत्रें वाचलीं, घडी करून ट्रंकेंत ठेवलीं, आणि एका संध्याकाळीं ती म्हणाली, "अहो, ही सगळीं माणसें देवाच्या वतीनें उत्तर देत आहेत. देवाला मीं विचारलें आहे. त्याचें उत्तर त्याच्याकडून आलें तर मी ऐकेन."

त्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीं आम्ही नाशिकास उपासनेला गेलों. साक्षींची वेळ आली तेव्हां पाळकांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही उठणार तोंच पत्नी उठून उभी राहिली. तिनें आठ नांवें घेतलीं, आजीचें नववें घेतलें, आणि ती खालीं बसली. सभेंत क्षणभर कोणास कांहीं उमगलें नाहीं. मग कोणीं तरी गीत सुरू केलें. परततांना मोटारींत ती म्हणाली, "देवानें असें कां केलें हें मला सांगतां येत नाहीं. त्या रात्रीं कोण आलें, तेवढें सांगतां येतें. मीं तें सांगितलें."

जानेवारींत तिनें दोनशें पानांची एक वही घेतली. पानावर उभी रेघ मारून डाव्या बाजूस लिहिलें "मागितलें" आणि उजव्या बाजूस "आलें". पहिली नोंद त्या रात्रीची आहे. मागितलें: पाणी उतरावें. आलें: आठ माणसें. या दोन नोंदी जोडणारी रेघ तिनें ओढलेली नाहीं. हें त्याच्या बदली मिळालें, असें तिनें कधीं म्हटलें नाहीं, आणि म्हणूं दिलें नाहीं. मुलाच्या बदली कांहीं मिळत नसतें. परंतु मागितलेलें आलें नाहीं म्हणून जें आलें तें खोडून टाकण्याचा अधिकारही आपणांस नाहीं, असें तिचें म्हणणें. ज्या वहींत फक्त उजवी बाजू असते ती खुशामतीची वही; जिच्यांत फक्त डावी, ती फिर्यादीची. दोन्ही बाजू जिच्यांत असतात, तिलाच वही म्हणावें.

पुढें आम्ही शास्त्र वाचूं लागलों तेव्हां दिसून आलें, कीं ही पद्धत कांहीं तिनें नव्यानें काढलेली नव्हती. देवाची दया रोज सकाळीं नवी असते व त्याचा विश्वासूपणा थोर आहे, या अर्थाचें वचन ख्रिस्ती घरांतील लहान मुलासही पाठ असतें. तें भिंतीवरच्या तक्त्यांवर असतें, लग्नपत्रिकांवर असतें. परंतु तें विलापगीत नांवाच्या पुस्तकांतलें आहे, आणि तें पुस्तक ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम धुळीस मिळविल्यानंतरचा आक्रोश आहे, हें आपण विसरून जातों. त्या वचनाच्या अलीकडच्याच अध्यायांत तान्हीं मुलें भुकेनें आयांच्या मांडीवर प्राण सोडीत आहेत. विश्वासूपणाचें वाक्य त्या मुलांना ओलांडून लिहिलेलें नाहीं. त्यांच्यामध्यें बसून लिहिलेलें आहे. तसेंच अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र पाहावें. तें तक्रारीनें सुरू होतें आणि अंधारांत संपतें. शेवटीं समाधानाची एकही ओळ नाहीं. तरी तें उपासनेच्या गीतसंग्रहांतून कोणीं काढून टाकलें नाहीं. ज्यांनीं हा संग्रह जतन केला त्यांना डाव्या बाजूची लाज वाटत नव्हती.

शमुवेल संदेष्ट्याच्या दगडाची कथाही अशीच आहे. पलिष्ट्यांवर जय मिळाल्यावर त्यानें एक दगड उभा केला, आणि येथवर देवानें साहाय्य केलें म्हणून त्याचें नांव एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असें ठेवलें. त्यावर प्रवचनें पुष्कळ होतात. परंतु त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत, कित्येक वर्षांपूर्वीं, इस्राएल लोकांची छावणी एबन-एजर नांवाच्याच ठिकाणीं पडली होती. आणि त्या लढाईंत त्यांचीं हजारों माणसें पडलीं व कराराचा कोश शत्रूनें नेला. म्हणजे साहाय्याचें नांव आणि पराभवाचें नांव एकच. ज्यानें तें नांव दगडाला दिलें, त्याला तो जुना दिवस ठाऊक नव्हता असें आम्हांस वाटत नाहीं.

येथवरची गोष्ट आमच्या घरापुरती झाली. पण प्रश्न घरापुरता राहिला नाहीं. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें मोठ्या संख्येनें दगावलीं. वर्तमानपत्रांनीं तें प्रकरण लावून धरलें, मंत्र्यांच्या मोटारी डोंगरांत आल्या, आणि ज्या गांवाचें नांव कोणास ठाऊक नव्हतें तें सार्‍या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. आमचें गांव वर्तमानपत्रांत आलें नाहीं. परंतु ज्या तरुणानें आमच्या मुलीला खांद्यावरून धारेपलीकडे नेलें, त्याचीं दोन लहान मुलें त्या हिवाळ्यांत गेलीं. एक वीटभट्टीवर, दुसरें तेथून परत आणल्यावर. त्याला नाशिकांत चुलत भाऊ नव्हता. महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याच्या हातीं पगार पडत नव्हता. आणि भूक ही कांहीं पावसासारखी नसते, कीं कांठावर उभें राहून ओसरण्याची वाट पाहावी.

"प्रभूनें आमची मुलगी वाचविली," हें वाक्य त्या माणसाच्या अंगणांत उभें राहून म्हणून पाहावें. तें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा त्यावर विश्वास आहे. परंतु तें अपुरें आहे, आणि अपुरें वाक्य दुःखी माणसासमोर उच्चारलें तर खोट्याहून अधिक लागतें. प्रभूनें मुलगी वाचविली ती कशानें? त्या तरुणाच्या खांद्यानें, जीपगाडीनें, भावाच्या पैशानें, डॉक्टरांच्या औषधानें. हे सर्व जर देवाचे हात, तर त्या तरुणाच्या मुलांपर्यंत जे हात पोंचले नाहींत ते कोणाचे? हा प्रश्न आकाशाकडे पाहून सुटत नाहीं. त्यासाठीं मान खालीं करून शेजारीं पाहावें लागतें. प्रश्न जुनाही झालेला नाहीं. २०१६ सालीं मोखाडा-जव्हारचे बालमृत्यु पुन्हां वर्तमानपत्रांत आले, आणि आजही या डोंगरांत कोठें कोठें आजार्‍याला डोलींतून रस्त्यावर आणावें लागतें.

शास्त्राचा या बाबतींतला दंडक स्पष्ट आहे, आणि आम्हांस वाटतें तो पुरेसा सांगितला जात नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत, तूं मिसर देशांत दास होतास याची आठवण ठेव, असें लोकांस वारंवार बजावलें आहे. आणि त्या आठवणीच्या पाठोपाठ बहुतेक ठिकाणीं एक "म्हणून" येतो. म्हणून शेतांत विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊं नकोस. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची आहे. म्हणून विधवेचें वस्त्र गहाण घेऊं नकोस. आठवण ही मनाच्या समाधानासाठीं दिलेली नाहीं. ती शेताच्या बांधावर येऊन थांबते, आणि पेंढी तेथेंच ठेव म्हणून सांगते.

आम्हां ख्रिस्ती लोकांची मुख्य आठवण तर एका रात्रीची आहे. ज्या रात्रीं प्रभूला मित्रानें धरून दिलें त्या रात्रीं त्यानें भाकर मोडली, आणि हें माझ्या स्मरणार्थ करा असें सांगितलें. दुसर्‍या दिवशीं क्रूसावर त्यानें जी हांक मारली तिला त्या वेळीं उत्तर आलें नाहीं. म्हणजे ज्या देवाचा विश्वासूपणा आम्ही आठवतों, तो स्वतः अशा एका कांठावर रात्रभर थांबलेला आहे. तिसर्‍या दिवसावर आमचा विश्वास आहे, आणि शाळेमागच्या मोहाखालीं तोच आमचा आधार आहे. पण तिसर्‍या दिवसाची घाई करून पहिला दिवस पुसून टाकूं नये, एवढें आम्ही त्या डोंगरांत शिकलों. आणि पुढें करिंथ शहरांतील मंडळी जेव्हां ही आठवणीची भाकर खाऊं लागली, कोणी पोटभर जेवून आणि कोणी शेजारीं उपाशी राहून, तेव्हां पौलानें त्यांस खडसावून लिहिलें कीं तुम्ही खातां तें प्रभूचें भोजन नव्हेच. शेजारी उपाशी असतां केलेलें स्मरण हें स्मरण ठरत नाहीं, असा त्याचा निवाडा आहे. कुपोषणाच्या मुलुखांत राहणार्‍या ख्रिस्ती माणसानें तो अध्याय दारावर लावून ठेवण्यासारखा आहे.

हा "म्हणून" एकट्या ख्रिस्ती लोकांनाच ऐकूं येतो असें नाहीं. १६३० च्या सुमारास पडलेल्या घोर दुष्काळानें तुकोबांचा व्यापार बुडविला; त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, आणि मुलगाही गेला. अशा माणसानें बुडीत रकमा वसूल करून संसार सांवरला असता तरी कोणी नांव ठेवलें नसतें. परंपरा सांगते कीं भावाचा वांटा वेगळा काढून त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडून दिलीं. दुष्काळ स्वतः भोगल्यामुळें त्यांना दुसर्‍याचा दुष्काळ वाचतां आला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलों असें नारायण वामन टिळक सांगत असत, त्याचें कारण अशा ठिकाणीं समजतें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहून जवळचें आहे. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळांत गेलीं. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १९०७ सालीं आपली साक्ष इंग्रजींत प्रसिद्ध केली. पण त्यांची खरी साक्ष त्याच्या दहा वर्षें आधींच झाली होती. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां स्वतःच्या भुकेचे दिवस आठवून त्या तिकडे गेल्या, आणि उपाशी मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. त्यांचें कुटुंब दुष्काळांतून वाचलें असतें तर त्यांची देवावरील श्रद्धा अधिक बळकट झाली असती काय, कोण जाणे. आम्हांस एवढेंच दिसतें कीं जें मागितलें तें न मिळालेल्या एका मुलीनें आपली आठवण दाराबाहेर टाकली नाहीं. तिनें त्या आठवणीला घर बांधून दिलें. अखेरच्या वर्षांतही त्यांची परीक्षा चुकली नाहीं. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमाबाई गेल्या, आणि पुढल्या एप्रिलांत त्या स्वतः. पवित्र शास्त्राचें त्यांनीं मराठींत केलेलें भाषांतर त्यांच्यामागें १९२४ सालीं बाहेर पडलें.

थोरांचीं उदाहरणें देऊन आपल्या लहानशा गोष्टीकडे परत वळतांना संकोच होतो. पण वहीची हकीकत अपुरी ठेवणें बरें नव्हे. १९९३ च्या पावसाळ्यापूर्वीं पत्नीनें वहींत तिसरी रेघ ओढली, आणि त्या रकान्यास नांव दिलें "देणें". आमच्या पगाराचा दहावा भाग पूर्वीपासून देवाचा म्हणून बाजूस निघत असे. त्यांतील निम्मा आजार्‍याला नेण्याच्या जीपभाड्यासाठीं वेगळ्या डब्यांत पडूं लागला. आमच्या ओसरीवर दोन मजबूत बांबू, चार घोंगड्या, दोर आणि विजेरी ठेवलेली असे. रात्रीं-अपरात्रीं कोणीही न विचारतां घेऊन जावी. पत्नी गांवच्या अंगणवाडीच्या ताईंबरोबर मुलांचीं वजनें घेऊं लागली, आणि ज्या मुलाचें वजन घटलें त्याच्या घरीं जाऊन बसूं लागली. वीटभट्टीवर जाणार्‍यांचीं लहान मुलें आजीआजोबांकडे राहावीं म्हणून त्यांच्या जेवणाची थोडीफार तजवीज झाली. याहून मोठें असें आम्हीं कांहीं केलेलें नाहीं. डोली नेतांना कोणाला धर्म विचारला नाहीं, आणि डोली पोंचल्यावर कोणाला धर्म सांगितला नाहीं. आम्हांस उचलून नेणार्‍यांनीं तरी कोठें विचारला होता? किती माणसें त्या डोलींतून ओढ्यापार गेलीं, त्यांतील किती परत आलीं आणि किती आलीं नाहींत, तें सर्व वहींत आहे. दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच शाईच्या आहेत.

ओढ्यावर पुढें पूल झाला. आजी गेली. आम्ही नोकरींतून निवृत्त झालों, आणि जव्हारांत घर केलें. ज्या तरुणानें मुलीला खांद्यावर घेतलें, त्याचे केस आतां पिकले आहेत. आमची मुलगी त्याला मामा म्हणते, आणि तिच्या लग्नांत मामाचा मान त्यानें घेतला. त्याच्या घरीं नंतर दोन मुलगे झाले, ते शिकले. हें सांगतांना आम्ही पुन्हां सांभाळून बोलूं इच्छितों: पहिल्या दोघांची भरपाई झाली असा याचा अर्थ नव्हे. तो स्वतः तसें म्हणत नाहीं. त्याच्या दारापुढें चार मुलांचीं नांवें घेतलीं जातात.

मग देव विश्वासू आहे काय, असें कोणी सरळ विचारील. आमचें उत्तर होय असें आहे. परंतु तें उत्तर आम्हीं हिशेबांतून काढलेलें नाहीं; हिशेब आजही जुळत नाहीं. रात्रीं आपण एकटे नव्हतों, एवढें आम्हांस पक्कें ठाऊक आहे, आणि ज्यानें आम्हांस एकटें ठेवलें नाहीं त्याचें नांव घेण्यास आम्ही कचरत नाहीं. याहून अधिक ज्याला ठाऊक असेल त्यानें सांगावें. आम्हांस मात्र असें आढळलें आहे, कीं जो उपकार आठवून माणूस स्वस्थ बसला तो कातळावरच्या पावसासारखा वाहून गेला, आणि जो आठवून तो शेजार्‍याकडे गेला तो मे महिन्यांतही आटला नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरावर आज अशी रात्र आली असेल, त्यांना देवाचा विश्वासूपणा आठवा असें सांगण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. त्या रात्रीं आठवण होत नसते, आणि न झाली तरी चालतें. आठवण ठेवणें हें ज्यांची रात्र सरली आहे त्यांचें काम आहे. त्यांनीं ती ठेवावी, बोलावयास फार उतावीळ होऊं नये, आणि घोंगडी व विजेरी घेऊन वेळेवर निघावें.